रेष राखायची तर

आमच्या दारावर वीतभर लांबीची एक ॲल्युमिनियमची पाटी आहे. तिच्यावर नगरचा चांदबीबी महाल आहे. मागं नारिंगी आकाश, त्यात पिवळा सूर्य, पुढं काळीभोर तीन मजली इमारत आणि तिच्या कमानींत धातूची स्वतःची चांदी. नवा माणूस आला की हमखास त्या काळ्यावर नख घासून बघतो. काहीच निघत नाही, कारण रंग वर बसलेला नाही, आत उतरलेला आहे.

नागापूर एमआयडीसीत टर्नर म्हणून मी पंचवीस वर्षं काढली. ॲनोडायझिंगला गेलेले आणि परत आलेले हजारो जॉब हातातून गेले. सगळे एकरंगी: चांदीसारखे, काळे, फार तर सोनेरी. एका नगावर तीन रंग हवे असतील तर त्यासाठी कुणी मोठी टाकी लावून बसत नाही, आणि धंद्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. म्हणून सात वर्षांपूर्वी सावेडीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी माझी छोटी टाकी मांडली. भोवरे, मुठी, दाराच्या पाट्या, दुचाकीचे लिव्हर असं बरंच काही रंगवलं आणि त्याहून जास्त बिघडवलं. त्यातून जे हाती लागलं ते या कामाची ओढ असणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

१. ॲनोडायझिंग हा मुलामा नाही, हे आधी मनात पक्कं बसवा. पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये जॉब पॉझिटिव्हला जोडला की त्याच्याच अंगाचं ऑक्साइड होत जातं. त्या थरात उभी, एकमेकींना समांतर अशी अतिसूक्ष्म छिद्रं असतात. रंग त्या छिद्रांत शिरतो आणि शेवटी उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं मिटतात. बेंगॉ आणि स्टुअर्ट या दोघांनी १९२३ मध्ये इंग्लंडात ही रीत पहिल्यांदा मोठ्या कामाला लावली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवायचे होते आणि त्यांनी क्रोमिक ॲसिड वापरलं होतं. आपण वापरतो ती सल्फ्युरिकची रीत १९२७ सालची. स्वयंपाकघरातला हार्ड ॲनोडाइज्ड कुकर याच कुळातला.

आता यातली खरी गोम. कापडावर रंग धाग्याधाग्यानं पसरतो, म्हणून बांधणीच्या ठिपक्याला कड हलकी फुटलेली असते आणि तीच तिची शोभा. इथं तसं होत नाही. मधाच्या पोळ्यात एका घरातला मध शेजारच्या घरात झिरपत नाही, तसा या छिद्रातला रंग त्या छिद्रात जात नाही. म्हणजे झाकण जितकं नेटकं, रेष तितकी नेटकी. हे कळेपर्यंत माझी दोन वर्षं गेली. रेष फुटली की मी रंगाला, मालाला, पाण्याला दोष द्यायचो. धातू रेष फोडत नाही. रेष आपल्या झाकण्यात फुटते.

२. माल कोणता आहे ते विचारल्याशिवाय हात लावू नका. खिडक्यांच्या सेक्शनचा ६०६३ सगळ्यात गुणी. त्यावर थर पारदर्शक येतो आणि पिवळासुद्धा उजळ दिसतो. ६०६१ आणि ६०८२ हेही चांगले. ओतीव मालाच्या वाटेला जाऊ नका. इंजिनची झाकणं, क्लचचे कव्हर यांत सिलिकॉन भरपूर असतं आणि थर राखाडी येतो. त्यावर काळा एक वेळ खपेल, पिवळा नाही. आपल्या नगरला दुचाकीचा जुना संबंध आहे. लूना हे नाव कायनेटिकच्या नगरच्या कारखान्यामुळं इथल्या घराघरात पोचलं. त्यामुळं भंगारात असे ओतीव भाग खूप मिळतात आणि मोह होतो.

भंगारातल्या सेक्शनची आणखी एक गोष्ट. तो बहुतेक वेळा आधीच ॲनोडाइझ केलेला असतो. तो थर वीज वाहू देत नाही. माझा पहिला आठवडा यातच गेला: टाकी ठीक, वायर ठीक, मीटरचा काटा मात्र शून्यावर. आता कोणताही जुना तुकडा आला की मी मल्टिमीटरची दोन्ही टोकं त्यावर हलकेच टेकवतो. वीज गेली नाही तर जुना थर आधी कॉस्टिक सोड्यात उतरवायचा.

३. जोडणी ॲल्युमिनियमच्याच तारेची आणि घट्ट. तांब्याची तार ॲसिडमध्ये विरघळते आणि टाकीही नासवते. तार जरा हलली की तिच्या खालीसुद्धा थर चढतो आणि वीज तुटते. मी भोकाला आटे पाडून त्यात ॲल्युमिनियमचा रॉड पिळून बसवतो. जिथं तार टेकते तिथं रंग बसणार नाही, म्हणून ती जागा मागच्या अंगाला किंवा भोकात निवडायची.

४. ॲसिडशी सलगी नको. बॅटरीच्या ॲसिडमध्ये साधारण एक तृतीयांश सल्फ्युरिक असतं. ते जवळपास तितक्याच डिस्टिल्ड पाण्यात सावकाश ओतलं की टाकीला लागणारं पंधरा ते वीस टक्क्यांचं मिश्रण होतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकीत घालू नका, त्यातल्या क्लोराइडनं जॉबला खड्डे पडतात. चष्मा, रबरी हातमोजे, एप्रन आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली, यांतलं एकही नसेल तर त्या दिवशी काम नाही. निगेटिव्ह बाजूला हायड्रोजन सुटतो, म्हणून शेडची दोन्ही दारं उघडी आणि जवळपास विस्तव नाही. निगेटिव्हला बरेच जण शिशाचा पत्रा लावतात. मी ॲल्युमिनियमचाच लावतो, शिसं घरात नको. आणि लेथच्या खोलीत ही टाकी ठेवू नका. ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. एका पावसाळ्यात माझा व्हर्नियर आणि चकचे जबडे गंजून तांबडे झाले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं आहेत. दुकानदार ओळखपत्र मागतो, वहीत नोंद करतो आणि कशासाठी ते विचारतो. त्याला नीट उत्तर द्या. तो नियम ज्या जखमांमुळं आला, त्या आठवल्या तर त्या नोंदीचा कंटाळा येणार नाही.

५. टाकी विसाच्या आसपास राहिली पाहिजे. म्हणजे वीस अंश सेल्सिअस, दोन अंश इकडं तिकडं. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि वीज वाहताना टाकी स्वतःही तापते. पंचविसाच्या वर गेलं की थर मऊ, भुकटीसारखा होतो आणि बोटाला पांढरं लागतं. मी टाकी मोठ्या घमेल्यात ठेवून भोवती गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या लावतो. उलटी चूकही होते आणि ती कुणी सांगत नाही. एकदा डिसेंबरच्या पहाटे हवा छान गार म्हणून काम काढलं. ॲसिड चौदा अंशांवर होतं. थर उत्तम बसला, पण इतका घट्ट की रंग प्यायलाच तयार नाही. लाल भोवरा गुलाबी निघाला.

६. वीज अंदाजानं नाही, क्षेत्रफळानं द्यायची. एक चौरस डेसिमीटरला, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाला, दीड अँपिअर. पंधरा बाय दहाच्या पाटीच्या दोन्ही बाजू मिळून तीन चौरस डेसिमीटर होतात, म्हणून साडेचार अँपिअर. या हिशेबानं पंचेचाळीस मिनिटांत साधारण वीस मायक्रॉनचा थर येतो. काळ्या रंगाला तेवढा लागतोच. नुसता पिवळा किंवा फिका निळा हवा असेल तर दहा-बारा पुरे. थराचा साधारण तिसरा हिस्सा मापाबाहेर वाढतो, त्यामुळं बारीक आट्यांचे भाग आधी थोडे सैल ठेवावे लागतात.

७. थर बसल्यापासून छिद्रं मिटेपर्यंतचा वेळ सोवळ्याचा. छिद्रं उघडी असतात तेव्हा जॉब जे लागेल ते पितो: बोटाचं तेल, हवेतली धूळ, फोडणीचा धूर. एका पाटीवर माझ्या अंगठ्याचा ठसा निळ्यात कायमचा उमटला आहे. टाकीतून काढल्यावर भरपूर पाण्यात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, परत स्वच्छ पाण्यात. छिद्रांत ॲसिड राहिलं तर ते नंतर झिरपतं आणि रंगावर फिके डाग सोडतं. मग वाळवायचं, कारण ओल्यावर झाकण चिकटत नाही. इथं गरम हवेचा ड्रायर वापरू नका. उष्णतेनं आणि ओलीनं छिद्रं मिटायला लागतात. साधा पंखा आणि अर्धा तास. लगेच झाकायचं नसेल तर जॉब डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, टेबलावर नको.

८. झाकण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं काम यातच आहे.

सुरुवातीला मी घरातली चिकटपट्टी लावली. रंगाचं पाणी साठ अंशांवर होतं. पट्टीचा डिंक मऊ झाला, कडा उचलल्या आणि लाल रंग खाली मुंगीच्या वाटेसारखा शिरला. मग गाड्यांचे नंबर कापणाऱ्या रेडियमवाल्याकडं गेलो. त्याच्या प्लॉटरवर केसाएवढी रेघ कापली जाते. तो म्हणाला, “काका, गाडीचा स्टिकर पाच वर्षं निघू नये असा असतो. तुम्हाला तर तासात काढायचाय. कमी चिकटीचा घ्या.” ते वाक्य फार मोलाचं ठरलं. जास्त चिकटीचं व्हिनाइल काढताना डिंक छिद्रांवर राहतो आणि पुढचा रंग तिथं बसत नाही. कमी चिकटीचं घेतलं, पण मग रंगाचं पाणीही साठाऐवजी चाळीस अंशांवर ठेवलं आणि वेळ दुप्पट दिला. रंग तितकाच येतो आणि कडा टिकतात.

व्हिनाइल सपाट भागावर चालतं. भोवऱ्यासारख्या गोल आणि निमुळत्या अंगावर सुरकुत्या पडतात. तिथं नेलपेंट. बारीक कुंचल्यानं दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळू द्यायचा. काढायला ॲसिटोन. छिद्रातल्या रंगाला ॲसिटोननं सहसा काही होत नाही, तरी आधी एका टाकाऊ तुकड्यावर बघावं. भोवरा लेथवर हातानं फिरवत ठेवून कुंचला टेकवला तर पट्टा एकसारखा येतो.

तिसरी रीत एका म्हाताऱ्या ब्लॉकमेकरनं सांगितली. छपाईचे जस्ताचे ब्लॉक नायट्रिकमध्ये कोरायचे तेव्हा जो भाग वाचवायचा त्याला डांबरी वॉर्निश लावत. तेच वॉर्निश इथंही चालतं, रॉकेलनं किंवा टर्पेंटाइननं निघतं आणि रंगाच्या गरम पाण्याला ते तिन्हींत सगळ्यात कमी दाद देतं. छपाईचं ते तंत्र गेलं, ती माणसंही आता विरळ झाली. पण धातूवर काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं हे ज्ञान त्यांच्याकडं होतं, आणि जे कुणी उरलेत त्यांना वेळेत जाऊन विचारलं पाहिजे.

व्हिनाइल लावल्यावर प्रत्येक कड नखानं नव्हे, प्लास्टिकच्या पट्टीनं दाबायची. बाहेरून आत नाही, आतून बाहेर. बुडबुडा राहिला तर सुईनं टोचू नका, ते भोक रंगाला पुरेसं असतं. सोलून दुसरं लावा.

९. फिक्यापासून गडदाकडं. चांदबीबी महालाची पाटी मी तीनदा केली. पहिल्या वेळी प्रत्येक रंगासाठी वेगळं झाकण कापलं: सूर्याचं निराळं, आकाशाचं निराळं, इमारतीचं निराळं. तीन झाकणं एकमेकांना तंतोतंत जुळणं माणसाच्या हातून होत नाही. रंगांच्या मध्ये पांढऱ्या केसासारख्या फटी राहिल्या. दुसऱ्या वेळी फटी टाळायला झाकणं थोडी मोठी केली, तर रंग एकमेकांवर चढून तपकिरी किनारी आल्या.

तिसऱ्या वेळी पुतण्यानं प्रश्न विचारला. “काका, नारिंगीत पिवळा असतोच ना? मग सगळंच पिवळं का नाही करत?” तिथं सगळं सुटलं. आधी फक्त कमानी झाकल्या, त्या चांदीच्या राहणार होत्या. मग अख्खी पाटी पिवळ्यात बुडवली. मग सूर्यावर झाकण लावलं आणि उरलेली पाटी लाल रंगात दिली. पिवळ्यावर लाल, म्हणजे नारिंगी. मग आकाश झाकलं आणि राहिलेली इमारत काळ्यात. प्रत्येक झाकणाची कड हीच दोन रंगांमधली सीमा, त्यामुळं फट राहायला जागाच नाही. आधीचं झाकण काढायचं नाही, त्यावरच पुढचं चढवायचं. जिथं एक झाकण दुसऱ्यावर चढतं तिथं पायरी होते आणि तिच्याखाली पोकळी राहते. ती शिवण नेलपेंटनं बुजवायची. बाटिक करणारे मेणानं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

एक गोष्ट मात्र सांभाळा. पहिल्या रंगाला जॉब पोटभर पिऊ देऊ नका. छिद्रांची जागा मर्यादित आहे. मी पिवळ्याला चार मिनिटं देतो, लालला सहा, काळ्याला तीस, सगळं चाळीस अंशांवर. पिवळ्यालाच पंधरा मिनिटं दिली होती तेव्हा काळा हिरवट राहिला.

१०. चढलेला रंग काढता येतो, पण मी आता काढत नाही. तेज नायट्रिकमध्ये रंग उडतो आणि थर बहुतांशी शाबूत राहतो. कारखान्यांत ही रीत आहे, तिथं धूर खेचणारे पंखे आणि शिकलेली माणसं असतात. घरच्या शेडमध्ये तो धूर छातीत जातो. दोन वर्षं वापरून मी ती बाटली बंद केली. रंग काढावा लागतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळं, आणि क्रम कागदावर सुधारता येतो.

११. रंग ॲनोडायझिंगसाठीच बनवलेला घ्या. होळीचे रंग, खाण्याचे रंग, कपड्यांचे रंग सगळे करून पाहिले. काही बसतात आणि पहिल्या दिवशी सुंदर दिसतात. पश्चिमेच्या गॅलरीत लावलेली एक जांभळी पाटी एका उन्हाळ्यात राखाडी झाली. ती मी एका नातेवाइकाला भेट दिली होती, याचं मला आजही वाईट वाटतं. नवा रंग घेतला की एक पट्टी अर्धी कागदानं झाकून महिनाभर गच्चीवर ठेवा. ऊन जे सांगतं ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

१२. शेवटी छिद्रं मिटवायची. सगळी झाकणं काढा, डिंकाचा अंश थिनरनं पुसा, कारण आता राहील ते कायमचं राहील. मग डिस्टिल्ड पाणी खळखळून उकळत असतानाच जॉब आत सोडा. कोमट पाण्यात ठेवून तापवलं तर छिद्रं मिटायच्या आत रंग बाहेर येतो, लाल तर हमखास. मायक्रॉनला तीन मिनिटं, म्हणजे वीस मायक्रॉनला एक तास. आमच्या बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी नळाच्या तोटीवर पांढरे थर चढतात, तेच थर जॉबवरही चढतात. निकेल ॲसिटेट घालून कमी तापमानात रंग छान अडतो, पण निकेलचे क्षार घरात आणण्याजोगे नाहीत. झाल्यावर कोपऱ्यात मार्करचा ठिपका देऊन पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसायचा. पूर्ण गेला तर काम झालं. डाग राहिला तर पुन्हा उकळा. ही पातेली परत स्वयंपाकाला नाहीत.

१३. वापरलेलं ॲसिड गटारीत सोडू नका. सीना नदी शहरातूनच वाहते आणि पाण्यासाठी मुळा धरणाकडं डोळे लावून बसणारा आपला जिल्हा आहे. मोठ्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी घ्या, त्यात ॲसिड थोडं थोडं ओता, वर धुण्याचा सोडा चिमटीचिमटीनं टाका. फेस येणं थांबलं की लिटमस कागदानं तपासा. खाली पांढरा गाळ बसतो, तो ॲल्युमिनियमचा. तो वाळवून वेगळा ठेवा, नाल्यात नाही. याला माझा एक अख्खा रविवार जातो, आणि तो त्या पाटीच्याच किमतीत धरायचा असतो.

ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत आणि कुलूप लागेल अशी वेगळी खोली नाही, त्यांनी हे काम घरी सुरू करू नये. थर ओळखीच्या ॲनोडायझरकडून साधा, सील न केलेला घ्यावा, ओल्या कपड्यात गुंडाळून आणावा आणि घरी फक्त झाकणं, रंग आणि उकळणं करावं. ज्यांच्याकडं जागा आहे त्यांनी ऑक्टोबरनंतर सुरुवात करावी, ६०६३ ची पट्टी घ्यावी आणि पहिल्या खेपेला दोनच रंग वापरावेत: आधी पिवळा, मग काळा.